एसबिन दिसतं, पण आत काहीच नाही: नेटवर्क बूटमधल्या गहाळ साधनांचं एक प्रकरण

मांडणी अशी. एका संगणक प्रयोगशाळेत २४ यंत्रं आहेत आणि एकातही डिस्क नाही. यंत्र सुरू केलं की नेटवर्क कार्डातला पीएक्सई (नेटवर्कवरून बूट करणारा) प्रोग्राम डीएचसीपीकडून (नेटवर्कचे पत्ते वाटणारी सेवा) पत्ता घेतो. टीएफटीपी या साध्या फाइल-वाहतुकीच्या सेवेवरून बूटलोडर, लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि इनिटरॅमएफएस (खरी रूट फाइलसिस्टिम जोडली जाईपर्यंत रॅममध्ये चालणारी छोटी तात्पुरती प्रणाली) उतरतात. मग सर्व्हरवरचा एक फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वापरायला देणारी सोय) जोडला जातो आणि तोच यंत्राची रूट फाइलसिस्टिम, म्हणजे सगळ्या फाइलींचं मूळ झाड, होतो. सर्व्हर आणि क्लायंट दोन्हीकडे डेबियन १२. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१०.२, इमेजचा (क्लायंट चालवतात त्या प्रणालीच्या प्रतीचा) फोल्डर /एसआरव्ही/एनएफएसरूट/बुकवर्म. हा फोल्डर क्लायंटला फक्त वाचता येतो. लिहिलेलं सगळं रॅममधल्या ओव्हरलेवर (मूळ फोल्डरावर पसरलेला लिहिता येणारा थर) जातं आणि यंत्र बंद केलं की पुसलं जातं. हा ओव्हरले चढवायचं काम इनिटरॅमएफएसमधली वीस-बावीस ओळींची एक स्क्रिप्ट करते. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिनेच घोळ घातला.

(कमांड आणि संदेश इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टंकताना अर्थातच नेहमीची रोमन अक्षरं.)

शनिवारी सर्व्हरची मुख्य डिस्क भरली. इमेजमधला ‘यूएसआर’ फोल्डर (प्रोग्राम आणि लायब्ररी ठेवायची जागा) सर्वांत जड, १४ जीबीचा. तो नव्या एसएसडीवर हलवला, एसएसडी त्याच जागी माउंट केली (जोडली) आणि जागा मोकळी व्हावी म्हणून खालची जुनी प्रत पुसून टाकली. सर्व्हरवर ‘सीएचरूट’ (एखाद्या फोल्डरालाच रूट मानून त्यात शिरायची कमांड) करून इमेजमध्ये शिरून पाहिलं तर सगळं जागच्या जागी. सोमवारी २४ च्या २४ यंत्रं एकाच ठिकाणी अडली. पडद्यावर शेवटच्या दोन ओळी:

‘टार्गेट फाइलसिस्टिम डझंट हॅव रिक्वेस्टेड /एसबिन/इनिट.’
‘नो इनिट फाउंड. ट्राय पासिंग इनिट= बूटआर्ग.’

खाली कंसात ‘इनिटरॅमएफएस’ असा प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड लिहायची जागा. ‘इनिट’ म्हणजे कर्नलने रूट फाइलसिस्टिममधून चालवायचा पहिला प्रोग्राम, बाकी सगळे तोच सुरू करतो.

पहिले दोन दिवस कुठे गेले

सगळी यंत्रं एकदम अडली, तेव्हा रॅम, केबल, कार्ड असल्या संशयांना जागाच नव्हती. दोष सर्व्हरच्या बाजूला होता, इतपत निदान बरोबर झालं. पुढचा तर्क मात्र घसरला. ‘इनिटरॅमएफएसच्या प्रॉम्प्टवर अडलं म्हणजे इनिटरॅमएफएस बिघडलं’ असं गृहीत धरून ते तीनदा नव्याने बांधलं गेलं.

त्यातल्या एका खेपेला फाइल लहान व्हावी म्हणून ‘मॉड्यूल्स=मोस्ट’ बदलून ‘मॉड्यूल्स=डेप’ केलं. ‘डेप’ म्हणजे ज्या यंत्रावर बांधतोय त्याच्याच हार्डवेअरपुरते ड्रायव्हर. बांधलं सर्व्हरवर, त्यामुळे सर्व्हरच्या इंटेल कार्डाचा ड्रायव्हर आत गेला आणि क्लायंटच्या रिअलटेक कार्डाचा ‘आर८१६९’ बाहेरच राहिला. आता यंत्रं आणखी अलीकडे अडू लागली: ‘आयपीकॉन्फिग: नो डिव्हायसेस टू कॉन्फिगर.’ एका दोषावर दुसऱ्याचं लिंपण झालं. नेटवर्क बूटसाठी या ओळीची योग्य किंमत ‘मॉड्यूल्स=नेटबूट’ किंवा मूळचीच ‘मोस्ट’. बांधून झाल्यावर ‘एलएसइनिटरॅमएफएस’ची यादी ‘ग्रेप’मधून गाळून क्लायंटच्या कार्डाचा ड्रायव्हर आणि ‘एनएफएस’ ही दोन्ही नावं दिसतात का, ते पाहायचं. दहा सेकंदांचं काम आहे.

‘मोस्ट’ परत आल्यावर मूळच्या दोन ओळीही परत आल्या. मग इमेजच खराब झाली असं ठरलं आणि शेजारच्या फोल्डरात ‘डेबूटस्ट्रॅप’ने (डेबियन शून्यापासून उभारणारं साधन) नवी इमेज उभी केली, तीही घाईत ‘मिनबेस’ प्रकारची. त्यावरून बूट केल्यावर पुन्हा ‘टार्गेट फाइलसिस्टिम डझंट हॅव रिक्वेस्टेड /एसबिन/इनिट’ आलं, आणि ‘नव्या इमेजलाही तेच होतंय’ असा निष्कर्ष निघाला.

तेच होत नव्हतं.

दुसरी ओळ काय सांगते

डेबियनच्या इनिटरॅमएफएसमधली मुख्य स्क्रिप्ट रूट जोडून झाल्यावर आधी /एसबिन/इनिट शोधते. ते नसेल तर पहिली ओळ छापते आणि क्रमाने /एसबिन/इनिट, /ईटीसी/इनिट, /बिन/इनिट आणि शेवटी /बिन/एसएच चाचपते. यातलं काहीच मिळालं नाही तरच दुसरी ओळ, ‘नो इनिट फाउंड’.

म्हणजे जुन्या इमेजमध्ये इनिट तर नव्हतंच, साधं शेलसुद्धा (/बिन/एसएच, कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) सापडत नव्हतं. एखादी फाइल गहाळ झाल्याची ही खूण नव्हे. अख्खा फोल्डर दिसत नसला तरच असं होतं.

नव्या इमेजवर दुसरी ओळ आलीच नव्हती. पहिल्या ओळीनंतर ‘कान्ट ॲक्सेस टीटीवाय, जॉब कंट्रोल टर्न्ड ऑफ’ आणि नुसतं ‘#’ चिन्ह. /बिन/एसएच सापडलं होतं आणि तेच पहिला प्रोसेस म्हणून चालू झालं होतं. तिथे ‘एक्झिट’ म्हटलं की कर्नल पॅनिक, ‘अटेम्प्टेड टू किल इनिट’. कारण सरळ आहे: ‘मिनबेस’मध्ये अत्यावश्यक पॅकेजं आणि ‘एपीटी’ एवढंच येतं. ‘सिस्टमडी-सिसव्ही’ (डेबियनचं इनिट म्हणजे सिस्टमडी, त्याला /एसबिन/इनिट हे नाव देणारं पॅकेज) त्यात नसतं, म्हणून इनिटच नसतं. ‘आयपी’ कमांडचं ‘आयप्रूट२’, ‘पिंग’, ‘पीएस’, कर्नल, ‘एनएफएस-कॉमन’ यांपैकीही काही नसतं. कंटेनरसाठी हा प्रकार ठीक आहे, आख्खं यंत्र चालवायचं तर ही सगळी पॅकेजं हाताने घालावी लागतात. ‘मिनबेस’ न लिहिता साधं ‘डेबूटस्ट्रॅप’ चालवलं असतं तर इनिट आपसूक आलं असतं.

दोन वेगळी दुखणी, एकच पहिली ओळ. पडद्याचा फोटो काढताना शेवटच्या पाच ओळी तरी घ्याव्यात, एक नको.

प्रॉम्प्टवरची तपासणी

जुन्या इमेजवर परत येऊ. या प्रॉम्प्टवर पूर्ण लिनक्स नसतं. इमेजमध्ये ‘बिझीबॉक्स’ असेल तर नेहमीच्या बऱ्याच कमांड मिळतात. ते नसेल तर ‘केलिबसी’ची मोजकी अवजारं, आणि ‘ग्रेप’, ‘व्हीआय’ असं काही लिहिलं की ‘नॉट फाउंड’. हाही बिघाड नाही. ‘बिझीबॉक्स’ हे शिफारशीतलं पॅकेज असल्याने ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ लावून उभारलेल्या इमेजमध्ये ते येत नाही. ते घालून, सेटिंगमध्ये ‘बिझीबॉक्स=वाय’ करून ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवावं.

पहिल्यांदा ‘कॅट /प्रॉक/माउंट्स’. दोन ओळी कामाच्या: /रन/लोअरवर (ओव्हरलेचा खालचा थर) १९२.१६८.१०.२ चा एनएफएस जोडलेला, आणि /रूटवर ओव्हरले. इथे /रूट म्हणजे रूट वापरकर्त्याचं घर नव्हे. होऊ घातलेली रूट फाइलसिस्टिम या टप्प्यावर तिथे टांगलेली असते. एनएफएस जोडला गेला, म्हणजे कार्ड, डीएचसीपी, परवानग्या, पोर्ट २०४९ हे सगळं नीट आहे. अर्धा रस्ता इथेच संपला.

मग ‘एलएस -एल /रूट’. बिन, एसबिन, लिब, ईटीसी, व्हार, सगळी नावं दिसली. इथेच माणूस फसतो. त्या यादीत बिन, एसबिन आणि लिब या नावांपुढे बाण आहेत: बिन → यूएसआर/बिन, एसबिन → यूएसआर/एसबिन, लिब → यूएसआर/लिब. डेबियन १२ मध्ये हे जुने फोल्डर नुसते दुवे आहेत, खरा माल सगळा ‘यूएसआर’मध्ये. त्यामुळे ‘एलएस /रूट/यूएसआर’ केलं आणि उत्तरादाखल काहीच आलं नाही. चूक नाही, इशारा नाही, रिकामा फोल्डर.

खात्रीसाठी ‘एलएस /रन/लोअर/यूएसआर’. तेही रिकामं, तेव्हा ओव्हरले निर्दोष, माल एनएफएसवरूनच येत नाहीये.

इथे आणखी एक फसवी जागा आहे, पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल. डेबियन १२ मध्ये /एसबिन/इनिट हा /लिब/सिस्टमडी/सिस्टमडी असा मुळापासून लिहिलेला दुवा आहे. प्रॉम्प्टवरून /रूट/एसबिन/इनिटचा माग काढायला गेलात तर शोध इनिटरॅमएफएसच्या स्वतःच्या /लिबमध्ये जातो आणि चांगला दुवाही तुटका भासतो. दुवा तपासायचा तर ‘सीएचरूट /रूट /बिन/एसएच’ करून आत शिरून तपासावा. या प्रकरणात तेही जमलं नसतं, आत शेलच नव्हतं.

सर्व्हरवर सगळं दिसतं, ते का

सर्व्हरवर ‘फाइंडमाउंट -आर’ इमेजच्या फोल्डरवर चालवलं तर एकाखाली एक दोन ओळी येतात. वर बुकवर्म, खाली आत शिरलेली नवी एसएसडी. एनएफएस सर्व्हर एक्सपोर्ट केलेल्या (क्लायंटना वापरायला खुल्या केलेल्या) फोल्डरात दुसरी फाइलसिस्टिम लागली तर आपणहून तिच्यात उतरत नाही. त्या जागी खालचा मूळ फोल्डर दाखवतो. मूळ फोल्डरातला माल शनिवारी पुसलेला, म्हणून रिकामं. ‘सीएचरूट’ला ही मर्यादा नाही, तो सर्व्हरच्याच डोळ्यांनी बघतो.

रिकामं होतं हे खरं तर नशीब. जुनी प्रत खाली तशीच राहिली असती तर क्लायंट तीवरून गुपचूप बूट झाले असते, आणि सर्व्हरवर केलेला कोणताही अपडेट यंत्रांवर का पोचत नाही याचा शोध महिनाभर चालला असता.

‘एक्सपोर्टएफएस -व्ही’ने चालू पर्याय दाखवले: आरओ, नो_रूट_स्क्वॉश, नो_सबट्री_चेक. ‘क्रॉसएमएनटी’ नव्हतं. आतल्या फाइलसिस्टिममध्येही उतर, असं सर्व्हरला सांगणारा पर्याय तो.

पहिला उपाय आणि त्याने दाखवलेला नवा संदेश

/ईटीसी/एक्सपोर्ट्समध्ये ‘क्रॉसएमएनटी’ जोडलं, ‘एक्सपोर्टएफएस -आरए’ केलं, एक यंत्र सुरू केलं. तेच दोन संदेश. मात्र प्रॉम्प्टवर ‘एलएस /रूट/यूएसआर’चं उत्तर बदललं होतं: ‘ऑब्जेक्ट इज रिमोट’. आणि ‘एलएस /रन/लोअर/यूएसआर’ला आता बिन, एसबिन, लिब, शेअर सगळं दिसत होतं.

म्हणजे एनएफएसचा अडथळा गेला, ओव्हरलेचा उरला. ‘क्रॉसएमएनटी’ लावल्यावर क्लायंटचा कर्नल आतल्या फाइलसिस्टिमला ऑटोमाउंट समजतो. कोणी त्या वाटेने गेलं की तेव्हाच ती जोडायची. ओव्हरलेला खालच्या थरात असे ऑटोमाउंट चालत नाहीत, ते आढळले की तो हीच चूक देऊन हात वर करतो. ओव्हरले नसता तर ‘क्रॉसएमएनटी’ने काम भागलं असतं. पुष्कळ मार्गदर्शकांत तेवढंच लिहिलेलं असतं आणि साध्या एनएफएस रूटसाठी ते बरोबरही आहे.

टिकणारा उपाय

अख्खी इमेज एकाच फाइलसिस्टिमवर. एसएसडी तात्पुरती दुसरीकडे माउंट करून सगळं झाड तिच्यावर उतरवलं:

‘आरसिंक -एएचएएक्स --न्यूमेरिक-आयडीज’, स्रोत बुकवर्म, ठिकाण एसएसडी.

मोठा एच हार्डलिंकसाठी, मोठा ए एसीएलसाठी, मोठा एक्स फाइलच्या जोडगुणांसाठी. ‘न्यूमेरिक-आयडीज’ने मालकी नावावरून न ठरता आकड्यावरून ठरते. इमेजमधले आणि सर्व्हरवरचे वापरकर्ते एकच नसतात, तेव्हा हा पर्याय विसरू नये. ‘यूएसआर’ आधीच एसएसडीवर असल्याने ते तिथल्या तिथे एका ‘यूएसआर’ फोल्डरात सरकवलं, १४ जीबी पुन्हा कॉपी करावं लागलं नाही. बाकीचं झाड २ जीबीच्या आत होतं. मग एसएसडी थेट /एसआरव्ही/एनएफएसरूट/बुकवर्मवर माउंट, ‘क्रॉसएमएनटी’ काढलं, आणि एक्सपोर्टच्या ओळीत ‘माउंटपॉइंट’ हा पर्याय घातला. तो असला की एसएसडी माउंट झाली नसेल तर सर्व्हर तो फोल्डर एक्सपोर्टच करत नाही. क्लायंट माउंटच्या टप्प्यावरच थांबतो, रिकाम्या फोल्डरावर भलत्याच चुका दाखवत बसत नाही.

यंत्रं बूट झाली. तक्रारी संपल्या नाहीत.

लॉगिन झाल्यावरही ‘कमांड नॉट फाउंड’

मधल्या गोंधळात कोणीतरी इमेजमध्ये शिरून ‘एपीटी फुल-अपग्रेड’ आणि पाठोपाठ ‘ऑटोरिमूव्ह’ केलं होतं. इमेजमध्ये नवा कर्नल आला, जुन्याचे मॉड्यूल गेले. टीएफटीपीच्या फोल्डरात मात्र कर्नल आणि इनिटरॅमएफएसची जुनीच प्रत. यंत्र जुन्या कर्नलवर उठतं, नेटवर्क आणि ओव्हरलेचे ड्रायव्हर जुन्या इनिटरॅमएफएसमधून मिळतात, म्हणून बूट नीट होतं. नंतर लागणारे ड्रायव्हर सापडत नाहीत: पेन ड्राइव्ह दिसत नाही, आवाज येत नाही, आणि ‘मोडप्रोब’ सांगतो ‘मॉड्यूल यूएसबी_स्टोरेज नॉट फाउंड इन डिरेक्टरी /लिब/मॉड्यूल्स/६.१.०-१८-एएमडी६४’. ‘यूनेम -आर’चा आकडा आणि /लिब/मॉड्यूल्समधल्या फोल्डरचं नाव जुळवून पाहिलं की निदान झालं. इमेजमधल्या /बूटमधून दोन्ही फाइली टीएफटीपीत कॉपी केल्या, सगळ्यांना वाचता येतील अशा परवानगीने. दोन्ही म्हणजे दोन्ही. कर्नल नवा आणि इनिटरॅमएफएस जुनं, हे त्याहून वाईट, कारण मग कार्डाचा ड्रायव्हरही चढत नाही.

दुसरी तक्रार: ‘एसयू’ करून रूट झाल्यावर ‘मोडप्रोब’, ‘रीबूट’ मिळत नाहीत. साधनं जागेवर होती, वाट नव्हती. डेबियन १० पासून नुसतं ‘एसयू’ केलं तर साध्या वापरकर्त्याचाच पाथ (कमांड कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) पुढे चालतो आणि त्यात एसबिनचे फोल्डर नसतात. ‘एसयू -’ असं डॅशसकट करायचं. याच खात्यात ‘आयएफकॉन्फिग’चीही तक्रार होती. ते ‘नेट-टूल्स’मध्ये असतं आणि डेबियन ९ पासून आपोआप बसत नाही. ‘आयपी ए’ वापरा.

तिसरी: रूटला ‘पिंग’ चालतो, विद्यार्थ्यांना ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. डेबियन १२ मध्ये पिंगला जादा हक्क फाइलवर चिकटवलेल्या केपेबिलिटीतून मिळतो, आणि ही चिठ्ठी एनएफएसवरून पलीकडे जात नाही. ‘आरसिंक’चा मोठा एक्स तिला एसएसडीपर्यंत नेतो, वायरीवरून नाही. त्यामुळे इमेजमध्ये ‘नेट.आयपीव्ही४.पिंग_ग्रुप_रेंज’ ही सिसकंट्रोलची किंमत ‘० २१४७४८३६४७’ अशी ठेवली. पिंगवर ‘सेटयूआयडी’ (कोणीही चालवलं तरी फाइलच्या मालकाच्या हक्काने चालवणारी खूण) लावूनही भागतं, पण पॅकेजचा अपडेट आला की ते पुन्हा लावावं लागू शकतं.

‘सूडो’ अडल्याचं इथे घडलं नाही, पण अशा मांडणीत हमखास घडतं. ‘इफेक्टिव्ह यूआयडी इज नॉट ०’ असं त्याने म्हटलं की माउंटवर ‘नोसूईड’ आहे का आणि एक्सपोर्टमध्ये ‘नो_रूट_स्क्वॉश’ राहिलं का, ही दोनच ठिकाणं बघावीत.

आणि इनिटरॅमएफएसमध्ये आपलं एखादं साधन हवं असेल, उदाहरणार्थ ‘एसट्रेस’, तर ते ‘सीपी’ने आत टाकू नये. नुसता प्रोग्राम गेला आणि त्याचा लोडर किंवा लायब्ररी गेल्या नाहीत की लोडरच्या अभावी शेल तोच ‘नॉट फाउंड’ छापतो, फाइल समोर दिसत असूनही. /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/हुक्समध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवून तीत ‘कॉपी_एक्झेक’ वापरावं. ते लायब्ररी शोधून सोबत नेतं. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी द्यायला विसरलात तर ती मुकाट्याने वगळली जाते.

यंत्रं सुरू करण्याआधीची चाचणी

इमेजला हात लावला की सर्व्हरवरच, पण एनएफएसच्या वाटेने, ती तपासायची. सर्व्हर स्वतःच्याच १९२.१६८.१०.२ या पत्त्यावरून फोल्डर /एमएनटीवर माउंट करतो, ‘व्हर्स=३,आरओ’ पर्यायांनी. ‘लोकलहोस्ट’ लिहू नका, एक्सपोर्टची परवानगी १९२.१६८.१०.०/२४ ला आहे आणि १२७.०.०.१ त्यात बसत नाही. मग:

‘सीएचरूट /एमएनटी /लिब/सिस्टमडी/सिस्टमडी --व्हर्जन’

आवृत्ती छापली गेली तर सिस्टमडी, लोडर, लायब्ररी आणि ‘यूएसआर’ चारही एनएफएसमधून पोचतात. पुढे ‘एलएस /एमएनटी/लिब/मॉड्यूल्स’ करून टीएफटीपीतल्या कर्नलचा आकडा त्यात आहे का ते पाहायचं, आणि ‘अमाउंट /एमएनटी’. शनिवारी ‘सीएचरूट’ थेट इमेजच्या फोल्डरावर केला होता. तो /एमएनटीवर केला असता तर रिकामा ‘यूएसआर’ तेव्हाच दिसला असता.